शेवटच्या बोयाच्या आसपास: फुजैरातल्या एका शर्यतीचं प्रकरण

२३ ऑक्टोबर २०१० रोजी संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथे १० किलोमीटरची समुद्री शर्यत झाली. आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाच्या, म्हणजे तेव्हाच्या फिनाच्या, विश्वचषक मालिकेतली ती त्या वर्षीची शेवटची शर्यत. फ्रॅन क्रिपन हा २६ वर्षांचा अमेरिकी जलतरणपटू त्या पाण्यात उतरला आणि जिवंत परत आला नाही. सुमारे दोन तासांनी पाणबुड्यांना त्याचा मृतदेह सापडला, शेवटच्या बोयाजवळ, म्हणजे मार्ग दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेल्या शेवटच्या खुणेजवळ, शर्यत जिथे संपत होती तिथून काही शे मीटरांवर.

बुडण्याच्या बातम्या आपल्याकडे दर पावसाळ्यात येतात आणि त्यांच्याखालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात: पोहता येत नव्हतं, दारू प्यायले होते, सूचना फलक वाचला नाही. फुजैराच्या प्रकरणात यातलं एकही कारण लावता येत नाही. क्रिपन २००९ च्या रोम इथल्या जागतिक स्पर्धेत १० किलोमीटरमध्ये कांस्यपदक मिळवलेला पोहणारा होता. दिवस उजेडाचा, स्पर्धा अधिकृत, मार्ग आखलेला, किनाऱ्यावर पंच. तरीही माणूस गेला, आणि तो पाण्यातच राहिला आहे हे आयोजकांच्या व्यवस्थेला कळलंच नाही. म्हणूनच मला हे प्रकरण खुल्या पाण्यात पोहणाऱ्या प्रत्येकाने, आणि त्याहून जास्त अशा स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येकाने, बारकाईने पाहावंसं वाटतं.

त्या दिवशी

फुजैरा अमिरातीच्या पूर्व किनाऱ्यावर, ओमानच्या आखाताला लागून आहे. ऑक्टोबर संपत आला तरी तिथलं पाणी थंड झालेलं नसतं. त्या दिवशी पाण्याचं तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास होतं, आणि ते त्याहूनही जास्त असावं असं पोहून आलेल्यांपैकी काहींचं म्हणणं होतं. तलावातल्या अधिकृत शर्यतींसाठी २५ ते २८ अंशांचं पाणी लागतं, यावरून अंदाज यावा. वर ऊन होतं.

१० किलोमीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये २००८ च्या बीजिंगपासून आहे. अव्वल पुरुष ती दोन तासांच्या आत-बाहेर संपवतात. एवढा वेळ पोहणारा थांबत नाही. ठरावीक ठिकाणी तराफ्यावर उभे असलेले प्रशिक्षक लांब काठीला लावलेला पेला पुढे करतात, तो घ्यायचा, दोन घोट प्यायचे आणि पुढे निघायचं. आठ किलोमीटरच्या सुमारास क्रिपनने आपल्याला बरं वाटत नसल्याचं, नेहमीपेक्षा फारच थकवा आल्याचं सांगितलं होतं, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं. तरी तो पुढे गेला.

त्रास एकट्या त्यालाच झाला नव्हता. ऑलिंपिक पदकविजेता जर्मन जलतरणपटू थॉमस लुर्झ याच शर्यतीत होता. पाणी विलक्षण गरम होतं आणि अनेकांना पाण्यातच गंभीर त्रास झाला, असं त्याने नंतर सांगितलं. अमेरिकेच्या क्रिस्टीन जेनिंग्जला उलट्या झाल्या, दिशेचं भान राहिना. पाठीवर वळून तिने मदतीसाठी हात वर केला, पण कुणी आलं नाही. काही पोहणाऱ्यांना शर्यतीनंतर रुग्णालयात न्यावं लागलं.

जेनिंग्जचा तो हात मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची खूण वाटतो. संकटात हात वर करायचा, हा खुल्या पाण्यातला पहिला धडा. आपण लहान मुलांनाही तोच शिकवतो. पण वर केलेला हात पाहणारं कुणी समोर असेल तरच त्याचा उपयोग. आणि इथे तर हात वर करण्याइतकी शुद्ध तिला होती. क्रिपनला बहुधा तेवढीही सवड मिळाली नाही.

शर्यत संपली, पोहणारे बाहेर आले. क्रिपन दिसत नाही हे पहिल्यांदा जाणवलं ते त्याचा मित्र आणि संघातला सहकारी अलेक्स मेयर याला. मेयर नुकताच, त्याच वर्षी, २५ किलोमीटरचा जगज्जेता झाला होता. त्याने आरडाओरडा करून लोकांना जागं केलं. नुकतेच १० किलोमीटर पोहून दमलेले स्पर्धक मित्राला शोधायला पुन्हा त्याच पाण्यात उतरले. पुढचं वर सांगितलंच आहे.

गरम पाणी अंगावर कसं चढतं

थंड पाण्याची भीती आपल्याला सहज कळते. हुडहुडी भरते, बोटं बधिर होतात, माणूस आपसूक बाहेर येतो. गरम पाणी असा इशारा देत नाही. उतरताना ते सुखाचं वाटतं, आणि फसगत तिथूनच सुरू होते.

पोहताना आपण जी ऊर्जा खर्च करतो तिचा अगदी लहान हिस्सा पुढे सरकण्यात जातो. बाकी सगळी उष्णता बनते. जमिनीवर धावणाऱ्याला घाम येतो, तो वाऱ्याने सुकतो आणि अंग निवतं. पाण्यात घाम येतो, पण सुकायला जागाच नाही. त्याने शरीरातलं पाणी आणि क्षार मात्र जातात, आणि चारी बाजूंनी पाणी असल्यामुळे आपल्याला घाम येतोय हे पोहणाऱ्याला कळतही नाही. मग उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो: त्वचेतून सभोवतालच्या पाण्यात. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून २४-२५ अंशांच्या पाण्यात हा मार्ग उत्तम चालतो. पण त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश आणि पाणी ३०-३१ अंश असेल, तर दोहोंतला फरकच इतका कमी राहतो की आत तयार होणारी उष्णता बाहेर पडत नाही. जो जितक्या जोरात पोहतो तितकी ती जास्त साठते. म्हणजे धोका नवख्यापेक्षा शर्यतीत जीव ओतणाऱ्या कसलेल्या पोहणाऱ्याला अधिक.

शरीराचं आतलं तापमान चढलं की सर्वांत आधी बिघडतो तो निर्णय. डोकं दुखतं, मळमळतं, हातांचा ठेका मंदावतो, सरळ जाणारा माणूस तिरका जाऊ लागतो. काहींना गरम पाण्यात असूनही थंडी वाजल्यासारखी वाटते, आणि हे लक्षण फार वाईट आहे. ही लक्षणं ज्याला होतात त्याच्यावरच ‘आता थांबायचं का’ हा निर्णय सोपवणं मला घोर चूक वाटते. अशा वेळी माणूस हमखास म्हणतो, ‘थोडंच राहिलंय, संपवतो.’ वर्षानुवर्षं त्याला याच वृत्तीची तालीम मिळालेली असते. त्रास होतोय हे न मानण्याच्या जिद्दीवरच तर तो पदकापर्यंत पोचलेला असतो.

क्रिपनच्या मृत्यूचं कारण उष्णता एवढंच होतं, असं मात्र म्हणता येणार नाही. फिनाने नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०११ मध्ये आला. मृत्यूचं कारण पक्कं ठरवता येत नाही, असं समितीने त्यात म्हटलं. हृदयातला एखादा दोष, त्यात आटोक्यात नसलेला, श्रमाने उसळणारा दमा आणि शर्यतीची प्रतिकूल परिस्थिती, असा एकत्रित परिणाम तिला सर्वांत संभाव्य वाटला. या निष्कर्षामुळे पुष्कळांना वाटलं की दोष पोहणाऱ्याच्या प्रकृतीवर ढकलला जातोय. वैद्यकीय तपशिलाला आव्हान देण्याची माझी पात्रता नाही, पण मला त्यातून उलटाच अर्थ दिसतो. शेकडो माणसं पाण्यात सोडली की त्यांत कुणाला तरी दमा असणारच, कुणाच्या तरी हृदयात न कळलेला दोष असणारच. लाँग क्यूटी नावाच्या आनुवंशिक विकाराच्या एका प्रकारात तर पोहण्याच्या श्रमानेच हृदयाची लय बिघडू शकते. ज्यांच्या घरात तरुण वयात अचानक मृत्यू झालेला आहे, किंवा ज्यांना स्वतःला पोहताना कधी भोवळ आली आहे, त्यांनी ईसीजी काढून हृदयरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय लांब पल्ल्याच्या नादी लागू नये. पण तपासणीतून निसटलेला एक जण पाण्यात आहेच असं धरूनच बंदोबस्त करावा लागतो.

सगळ्यांची नजर पुढच्यांवर

आता मूळ प्रश्न. एवढ्या माणसांतून एक माणूस नाहीसा होतो, आणि ते शर्यत संपून गेल्यावर, तेही एका मित्राला कळतं. असं कसं?

बुडणारा माणूस ओरडत नाही. चित्रपटात दाखवतात तसे हात आपटत तो ‘वाचवा’ म्हणत नाही, कारण श्वास घ्यायलाच तोंड पाण्याबाहेर राहत नाही. आणि उष्णतेने किंवा हृदयाची लय बिघडून शुद्ध हरपली, तर तेवढीही धडपड होत नाही. एका स्ट्रोकला डोकं दिसतं, पुढच्याला दिसत नाही. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर साधारण चार ते सहा मिनिटांत कायमची इजा सुरू होते. म्हणजे सुटकेचा काळ मिनिटांत मोजायचा आहे. त्या काळात वेगवान बोट कामाची खरी, पण त्याआधी कुणाची तरी नजर नेमकी त्या जागी हवी.

शर्यतीत नजरा कुठे असतात? पंचांच्या बोटी आघाडीच्या घोळक्यासोबत असतात, कारण तिथे कोपर लागतं, पाय ओढले जातात, निर्णय द्यावे लागतात. छायाचित्रकार पुढे, प्रेक्षक शेवटच्या रेषेवर. शेवटच्या बोयाला वळसा घेतला की सगळा जीव रेषेकडे धावतो. नेमक्या त्याच टप्प्यात थकवा सर्वांत जास्त आणि घोळक्यातून मागे पडलेल्यावर लक्ष सर्वांत कमी. शिवाय क्रिपनसारखा नावाजलेला पोहणारा मागे पडला तर पाहणाऱ्याला वाटतं, जरा दमला असेल, येईल. मला वाटतं, त्याच्या कौशल्यानेच त्याला झाकून टाकलं.

अमेरिकेच्या जलतरण संघटनेने स्वतंत्र चौकशी केली. त्या शर्यतीत सुरक्षेची माणसं आणि साधनं पुरेशी नव्हती, असं तिच्यातून पुढे आलं. खुद्द क्रिपनही अशा स्पर्धांमधल्या सुरक्षेबद्दल आधीपासून बोलत होता. त्याच्या कुटुंबाने पुढे त्याच्या नावाने प्रतिष्ठान काढलं आणि खुल्या पाण्यातल्या सुरक्षेचं काम हाती घेतलं.

इथे एकट्याने केलेल्या लांब पल्ल्याच्या पोहण्याशी तुलना करून पाहावी. धरमतर ते गेटवे हे साधारण ३६ किलोमीटरचं अंतर आपल्याकडची मुलंमुली अनेक वर्षांपासून पोहत आली आहेत. अंतर फुजैराच्या साडेतीन पट, भरती-ओहोटीचे प्रवाह, जहाजांची ये-जा, कधी अंधारातली सुरुवात. ऐकायला ते कितीतरी धोक्याचं वाटतं. पण तिथे एका पोहणाऱ्यामागे एक होडी असते, तीत प्रशिक्षक, निरीक्षक आणि बहुतेकदा घरचंही कुणीतरी. सगळ्यांचे डोळे तासन्‌तास त्या एका टोपीवर. मिनिटाला किती हात पडतात ते कुणी मोजत असतं. ठेका ६८ वरून ५८ वर आला तर पोहणाऱ्याच्या आधी होडीत बसलेल्याला शंका येते, आणि त्याला वर घ्यायचा निर्णय पोहणाऱ्याच्या हातात नसतो. सामूहिक शर्यतीत अंतर कमी, गर्दी जास्त, म्हणून धीर वाटतो. पण त्या गर्दीत एकेकट्याच्या वाट्याला येणारी नजर फारच थोडी असते.

नंतर काय बदललं

२०१० पर्यंत फिनाच्या नियमात पाण्याच्या तापमानाला खालची मर्यादा होती, १६ अंश. वरची नव्हतीच. क्रिपननंतर ३१ अंशांची वरची मर्यादा आली. शर्यतीच्या दिवशी, सुरू होण्याच्या दोन तास आधी, मार्गाच्या मध्यावर, ४० सेंटीमीटर खोलीवर तापमान मोजायचं, आणि ते मोजताना पंच, आयोजक व प्रशिक्षकांचा प्रतिनिधी हजर असायचे, अशी पद्धत फिनाच्या नियमात होती. खोलीचा उल्लेख क्षुल्लक वाटेल, पण तो हवाच होता. सावलीतल्या धक्क्यापाशी बादलीभर पाणी काढून मोजलं तर आकडा हवा तसा मिळतो.

३१ हा आकडा मात्र अनेकांना पटला नाही. अमेरिकेने आपल्या देशातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी ती मर्यादा २९.४५ अंशांवर ठेवली. जुलै २०११ मध्ये, म्हणजे फुजैराला वर्षही झालं नव्हतं, शांघायच्या जागतिक स्पर्धेत २५ किलोमीटरच्या वेळी पाणी पुन्हा मर्यादेला टेकलं. शर्यत पहाटे सहाला घेतली. तरीही आदल्या वर्षीचे दोन्ही जगज्जेते, अलेक्स मेयर आणि नेदरलँड्सची लिन्सी हाइस्टर, पाण्यात उतरले नाहीत. मेयरने मित्राला गमावून नऊ महिने झाले होते. किताब राखायची संधी सोडून काठावर राहणं हे माझ्या लेखी त्या स्पर्धेतलं मोठं धैर्य.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकची १० किलोमीटर शर्यत ओदाइबाच्या खाडीत सकाळी साडेसहाला सुरू झाली. तेव्हाही पाणी २९ अंशांच्या घरातच होतं. पहाटेची वेळ निदान उन्हापासून वाचवते. माझं मत विचाराल तर ३१ अंशांत दोन तासांची शर्यत घेऊच नये. पाणी, हवा, ऊन आणि अंतर यांचा एकत्र हिशोब न करता एका आकड्यावर ‘चालेल’ म्हणणं धोक्याचं आहे.

आपल्या किनाऱ्यांवर

फुजैराचं पाणी शेवटी आपल्याच अरबी समुद्राला मिळतं, आणि तापमानातही आपण फार दूर नाही. मे महिन्यात मुंबईजवळचा समुद्र ३० अंशांपर्यंत तापतो. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा २८-२९ च्या आसपास चढतो आणि जानेवारीत जरा निवतो. मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरच्या सुमारास राज्यभरातून येणाऱ्या मुलांच्या समुद्री स्पर्धा होतात, त्या पाण्याच्या दृष्टीने चांगल्या दिवसांत. गोव्यात पणजीच्या मिरामारला २०१९ पासून अर्ध-आयर्नमॅन ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत भरते आणि तिच्यात १.९ किलोमीटर समुद्र पोहावा लागतो. तिथे पुण्या-मुंबईचे पुष्कळ जण जातात, अनेकांनी चाळिशीत पोहणं शिकलेलं असतं, आणि सगळा सराव २५ मीटरच्या तलावात, भिंतीला हात लावून दम घेत केलेला असतो. या लोकांबद्दल मला खरी काळजी वाटते. उत्साह भरपूर, पण समुद्रात थांबायला भिंत नाही हे अंगवळणी पडलेलं नसतं.

त्यांना दोन-तीन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. ज्या तापमानात शर्यत आहे त्याच तापमानात, त्याच वेळी, निदान १०-१२ दिवस आधीपासून पोहून अंगाला सवय लावा. सरावाला एकटे उतरू नका, कमरेला भडक रंगाचा टो फ्लोट, म्हणजे मागे ओढत न्यायचा तरंगता फुगा, बांधा. तो काठावरून दिसतो आणि दम लागला तर धरायला होतो. दमा असेल तर इन्हेलर घेतला की नाही हे सोबत्याला माहीत असू द्या. आणि पाण्यात जाण्यापूर्वी, डोकं थंड असताना, कुणाला तरी सांगून ठेवा: ‘माझा ठेका मोडला, मी उत्तरं नीट देईना, तर मला बाहेर काढ, मी नाही म्हणालो तरी.’ ही परवानगी आधी दिलेली असली की ऐन वेळी वाद होत नाही.

आयोजकांचं काम याहून अवघड आहे. सुरुवातीच्या फाटकातून आत गेलेले किती, बाहेर आलेले किती, मध्येच सोडून होडीतून काठावर आलेले किती, हा हिशोब शर्यत चालू असतानाच जुळत राहिला पाहिजे. घोट्याला किंवा मनगटाला बांधलेली चिप वेळ नोंदवते, पण चिप बांधलेला माणूस दोन टप्प्यांच्या मध्ये कुठे आहे हे ती सांगत नाही. त्यासाठी मार्गाचे भाग पाडून प्रत्येक भागाला ठरलेली कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद छोटी होडी, आणि ठरलेला जीवरक्षक लागतो, आणि त्याने आपला भाग सोडून आघाडीवाल्यांच्या मागे जायचं नाही. सर्वांत मागे एक कयाक अशी हवी, जिच्या पाठीमागे पाण्यात एकही माणूस नाही याची ती खात्री देते. फेऱ्यांची शर्यत असेल तर प्रत्येक फेरीला हजेरी घ्यायची, कुणाला किती वेळ लागायला हवा ते लिहून ठेवायचं, आणि वेळ उलटली की लगेच शोध सुरू करायचा, ‘बाथरूमला गेला असेल’ म्हणत वाट पाहायची नाही. सोडून गेलेल्या स्पर्धकाने टेबलावर येऊन क्रमांक दिलाच पाहिजे. तो न सांगता घरी गेला, तर नसलेल्या माणसाला शोधण्यात जीवरक्षक गुंततात आणि असलेला बुडतो.

एखाद्या स्पर्धेत आपण किंवा आपलं मूल उतरणार असेल, तर नाव नोंदवताना हे विचारायला संकोच वाटू नये: पाण्यावर किती कयाक असतील, त्या कुठे उभ्या असतील, पाण्याचं तापमान कधी आणि कोण मोजणार, आणि हजेरीत एक जण कमी पडला तर पुढच्या दोन मिनिटांत कोण काय करणार. यातल्या शेवटच्या प्रश्नाला नावासकट उत्तर मिळालं नाही, तर त्या वर्षी नाव नोंदवू नका.